गाडी एका कंपनीची, डोकी अनेकांची

मुलाला नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये चांगली नोकरी लागावी, असं वाटणाऱ्या पालकांच्या डोळ्यांपुढे प्रॉडक्शन आणि क्वालिटी ही दोनच खाती असतात. गाडी बनवणारी कंपनी आणि तिचे पुरवठादार मिळून नवा भाग विकसित करतात, ते सांभाळण्याचं काम कॉलेजच्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाही.

त्याचं ठळक उदाहरण नाशिकचंच आहे. जून २००२मध्ये आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ. जनरल मोटर्समधली नोकरी सोडून १९९३मध्ये महिंद्रात आलेले पवन गोएंका या प्रकल्पाचे प्रमुख होते. वेंडरच्या हाती तयार ड्रॉइंग ठेवायचं आणि माल मागवायचा, ही रीत इथे बाजूला पडली. पुरवठादारांना सुरुवातीपासून सोबत घेतलं, मोठ्या भागांच्या डिझाइनची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली.

ऐकायला सोपं वाटतं. पण डिझेल गाडीचा इंजेक्टर घ्या. इंजिन एकाचं, इंजेक्टर दुसऱ्याचा. चाचणीत धूर जास्त आला तर दोष कुणाचा? ड्रॉइंग बदललं तर नव्या टूलिंगचा खर्च कुणी सोसायचा? एकत्र शोधलेली युक्ती पुरवठादाराने उद्या स्पर्धक कंपनीला विकायची की नाही? हे करारात आधीच लिहून घ्यावं लागतं. त्यात तारीख डोक्यावर: १ एप्रिल २०२०ला देश वाहनांच्या धुराच्या बीएस-४ निकषांवरून थेट बीएस-६वर गेला, तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच मुदतीत उभं राहावं लागलं. अशा खुर्चीत बसणाऱ्याला इंजिनिअरिंग, हिशेब आणि माणसं, तिन्ही कळावी लागतात.

म्हणून ‘ऑटोमोबाइल’ नावाच्याच शाखेसाठी हट्ट नको. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स चालेल. डिप्लोमावाल्यांनाही दार बंद नाही. पहिली दोन-तीन वर्षं मात्र एखाद्या छोट्या पुरवठादाराच्या शॉप फ्लोअरवर काढावीत, असं माझं ठाम मत आहे. पगार कमी असेल, पण टॉलरन्स म्हणजे काय ते तिथेच अंगात भिनतं. एमबीएची घाई त्यानंतर.

एक गोष्ट पालकांनी आधीच मनाशी ठरवावी. महिंद्राचं मोठं संशोधन केंद्र आता चेन्नईजवळ आहे, आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय पुण्यात. मुलगा किंवा मुलगी नाशिकबाहेर गेली, तर अडवू नका.