लक्ष नेमावर, निकालावर नव्हे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकर हिने १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. स्पर्धेनंतर तिने सांगितले की ती भगवद्गीता वाचत असे आणि अंतिम फेरीत श्रीकृष्णांनी अर्जुनाला केलेला उपदेश तिच्या मनात होता: आपले कर्म करावे, फळाची चिंता करू नये.

तीन वर्षांपूर्वी टोकियोत पात्रता फेरी चालू असतानाच तिच्या पिस्तुलात बिघाड झाला होता. मोलाची मिनिटे वाया गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. ती आठवण घेऊन पुन्हा नेम धरायला उभे राहणे सोपे नसते.

चिंतेने काय होते?

एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. ‘चुकले तर?’ असे मनात येताच हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात. हात किंचित हलला तरी गुण जातो. म्हणजे फळाची चिंता फळाचेच नुकसान करते.

निष्काम कर्म म्हणजे जिंकण्याची इच्छाच नको, असे नाही. ध्येय ठरवावे, कसून सराव करावा. पण कृतीच्या क्षणी मन कृतीतच असावे.

रोजच्या सरावासाठी

१. श्वास: चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. लांब उच्छ्वासाने ठोके शांत होतात. रोज पाच मिनिटे करा. स्पर्धेच्या दिवशी प्रथमच करून उपयोग नाही.

२. क्रम: उभे राहणे, श्वास, नजर, कृती. प्रत्येक वेळी हाच क्रम ठेवा. मनाला धरायला काहीतरी मिळते.

३. सोडून देणे: चूक झाली की एक दीर्घ श्वास घ्या आणि पुढच्या प्रयत्नाकडे वळा. हिशेब संध्याकाळी मांडावा.

मनूने सरबज्योत सिंगसह दुसरे कांस्यपदकही मिळवले. २५ मीटर स्पर्धेत मात्र ती चौथी आली. पूर्ण एकाग्रतेनेही पदकाची खात्री मिळत नाही. प्रयत्न आपल्या हाती असतो, तेवढाच.

चिंतनासाठी: मूल मैदानावरून घरी आले की आपला पहिला प्रश्न कोणता असतो? ‘कितवा आलास?’ की ‘मन लावून खेळलास ना?’