घसरणारे चाक

बैलगाडीचे चाक आणि मोटारीचे चाक, दिसावयास दोन्ही वाटोळीच; परंतु त्यांच्या कामात मोठा भेद आहे. बैलगाडीचे चाक गाडी चालवीत नाही. गाडी ओढतात ते बैल. चाक केवळ तिच्याबरोबर फिरते. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर बैलाचा खूर घसरेल, पण गाडीचे चाक एके जागी गरगर फिरत राहिले, असे कधी घडावयाचे नाही. मोटारीची गोष्ट निराळी. तेथे इंजिन चाकाला फिरविते आणि ते चाक जमिनीला मागे रेटून सबंध गाडी पुढे नेते. जमिनीने चाकाला नीट धरले नाही, तर इंजिन कितीही बलवान असो, त्याचे सारे बळ फुकट जाते.

जमिनीच्या ह्या धरण्यालाच घर्षण म्हणतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकावर १०० किलो भार असेल, तर सुमारे ८० किलोइतका जोर लावीपर्यंत चाक घसरत नाही. रस्ता ओला झाला की हाच आकडा निम्म्याच्या आसपास येतो, आणि चिखलात तर त्याहूनही खाली.

पालघर जिल्ह्यातील पाम हे गाव बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे. कारखान्यांकडे जाणाऱ्या मालमोटारी व टँकर यांची ह्या भागातील रस्त्यांवर सदा वर्दळ असते. उन्हाळाभर अशा रस्त्यांवर धूळ साचते, वाहनांतून तेलाचे थेंब गळतात. जूनची पहिली सर आली म्हणजे ही धूळ, हे तेल आणि पाणी यांचे बुळबुळीत सारण रस्त्यावर पसरते. मुसळधार पावसातला रस्ता अधिक निसरडा, अशी पुष्कळांची समजूत असते. पण खरा धोका त्या पहिल्या सरीत असतो. दोन-चार मोठ्या सरींनी रस्ता धुऊन निघाला की तो थोडा निवळतो. मग कडेच्या चिखलाची पाळी येते. समोरून येणाऱ्या टँकरला वाट देण्याकरिता मोटार जरा खाली उतरावी, आणि तिचे एक चाक चिखलात रुतावे, हा प्रकार कोकणातील पावसाळ्यात नवा नाही.

अलीकडे रस्त्यांवर उंच बांध्याच्या, जीपसारख्या दिसणाऱ्या मोटारी पुष्कळ आढळतात. त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. त्यांचे रूप पाहून ह्या चिखलातून सहज पार होतील, असे वाटते. परंतु रूपावर जाण्यात अर्थ नाही. जीपच्या चारही चाकांना इंजिनचे बळ पोहोचविता येते. भारतात विकल्या जाणाऱ्या ब्रेझा, क्रेटा यांसारख्या मोटारींत मात्र ते पुढील दोन चाकांनाच मिळते. मागील चाके बैलगाडीच्या चाकांप्रमाणे नुसती मागून येतात. ह्या रचनेत एक सोय आहे. इंजिन पुढे असल्यामुळे त्याचा भार पुढील चाकांवरच पडतो, आणि सपाट ओल्या रस्त्यावर ती चाके जमीन बरी धरतात. पण जव्हारच्या घाटासारखी चढण लागली की भार मागे सरकतो, पुढील चाके हलकी होतात आणि लवकर घसरू लागतात.

आता एकच चाक रुतले असता दुसरे कोरड्यावरचे चाक गाडी का ओढीत नाही? वळण घेताना बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची एक योजना त्यांच्यामध्ये बसविलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. वळणावर ती उपकारक. चिखलात मात्र तीच अडचण होते. भातखाचराचा बांध एका बाजूस फुटला, तर सारे पाणी तिकडून वाहून जाते आणि दुसऱ्या बाजूच्या पाटाला काही मिळत नाही. तसेच येथे घडते. चिखलातले चाक सहज फिरते, तेथे जोर लागतच नाही. आणि डिफरन्शियलचा नियम असा, की एका चाकाला जेवढा जोर लागेल तेवढाच दुसऱ्याला मिळावयाचा. त्यामुळे कोरड्यावरचे चाक स्तब्ध राहते आणि चिखलातले भिरभिरते.

शेतकरी अशा वेळी काय करतो? फुटलेला बांध चिखलाने बुजवितो. पाणी आपोआप दुसरीकडे वळते. ट्रॅक्शन कंट्रोल नावाची यंत्रणा नेमके हेच करते. प्रत्येक चाकापाशी एक संवेदक असतो. चाक किती वेगाने फिरते, हे तो सतत मोजीत असतो. मागील चाके संथ आणि पुढील एक चाक भलत्याच वेगाने फिरत आहे, असे दिसताच ते चाक घसरले हे यंत्रणा ओळखते. मग ती त्याच एका चाकाला ब्रेक लावते. भिरभिरणारे चाक अडते, तेथे जोर लागू लागतो, आणि तेवढाच जोर कोरड्यावरील चाकाला मिळून गाडी पुढे सरते. दोन्ही चाके घसरू लागली, तर ती इंजिनचाच जोर कमी करते. हे सारे एका सेकंदात कित्येक वेळा चालते. चालकाला दिसते ते एवढेच, की समोरील फलकावर घसरत्या मोटारीचे चित्र असलेला छोटा दिवा लुकलुकतो.

ह्या यंत्रणेचा जन्म ब्रेकच्या सुधारणेतून झाला. ब्रेक दाबताना चाके जखडून घसरू नयेत म्हणून जर्मनीतील बॉश कंपनीने १९७८ मध्ये एबीएस ही योजना मोटारींसाठी बाजारात आणली. चाकांचा वेग मोजण्याची सोय तीत होतीच. तीच पुढे ट्रॅक्शन कंट्रोलच्या कामी आली. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र प्रत्येक मोटारीत असतेच असे नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ही यंत्रणा घर्षण निर्माण करीत नाही. असलेले घर्षण वाया जाऊ देत नाही, इतकेच. टायरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील, तर साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना टायर रस्त्याला न टेकता पाण्यावरच तरंगू लागतो. तेथे ब्रेकही चालत नाही आणि सुकाणूही. टायरच्या खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, हा नियम त्यासाठीच आहे.

चिंचणी किंवा केळवे येथील समुद्रकिनाऱ्याच्या मऊ वाळूत तर उलटाच प्रकार होतो. तेथे चाक थोडे फिरल्यावाचून गाडी हलत नाही, आणि यंत्रणा तर प्रत्येक वेळी इंजिनचा जोर काढून घेते. म्हणून ती तात्पुरती बंद करण्यासाठी बहुतेक मोटारींत एक कळ असते. मात्र ती दाबून अधिक जोर केला, की चाक खड्डा खणीत खाली जाते. गाडी पोटावर टेकते आणि भरतीचे पाणी काही थांबत नाही.

पावसात रुळ ओले झाले म्हणजे रेल्वेचे इंजिनही घसरते. त्यासाठी इंजिनच्या चाकांपुढे रुळांवर वाळू सोडण्याची व्यवस्था केलेली असते. रुतलेल्या मोटारीच्या चाकाखाली गावकरी गोणपाट, पेंढा किंवा फळीचा तुकडा सारतात, चालकाला हळूहळू जोर द्यावयास सांगतात, आणि चिखल अंगावर उडू नये म्हणून चाकाच्या मागे उभे न राहता बाजूने गाडी ढकलतात.