सर्व्हर किती भार पेलतो? निर्देशिकेच्या क्षमतेची चाचणी

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल संकेतस्थळांवर जाहीर झाला आणि पाहता पाहता ती संकेतस्थळे ठप्प झाली. सुमारे १६ लाख विद्यार्थी व त्यांचे पालक एकाच वेळी तेथे येऊन थडकले होते. नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) येथील विद्यार्थी असो वा मुंबईचा, त्या दुपारी दोघांचीही गत एकच. गुण तयार होते. बैठक क्रमांक व आईचे नाव घेऊन एक नोंद शोधून देणे, एवढेच काम उरले होते आणि नेमके तेच अडले.

याच जातीचे काम निर्देशिका-सर्व्हर करतो. मोठ्या कार्यालयात कर्मचाऱ्याने संगणकावर आपले नाव व परवलीचा शब्द दिला, की तो खरा की खोटा याचा निर्वाळा निर्देशिका देते. यासाठी प्रचलित असलेली एलडॅप ही पद्धती १९९३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आकारास आली. येथे नोंदी क्वचित बदलतात. विचारणा मात्र अखंड चालते. ही एक खिडकी बंद पडली, की तिच्यावर विसंबणारी सर्व कामे एकदम थांबतात. म्हणूनच तिची कमाल क्षमता गर्दीच्या दिवसापूर्वी ठाऊक असली पाहिजे.

ही क्षमता दर सेकंदास दिलेल्या उत्तरांत मोजतात. चाचणीत कृत्रिम विचारणा करणारे ‘ग्राहक’ पायरीपायरीने वाढवीत नेतात. उदाहरणादाखल काही आकडे कल्पू. ५० ग्राहकांना सेकंदास १,००० उत्तरे मिळाली, १०० ग्राहकांना २,०००. प्रत्येक उत्तरास वेळ ०.०५ सेकंद. येथवर सर्व्हरवर ताण नाही. २०० ग्राहक होताच उत्तरे ४,००० व्हावयास हवी होती. ती २,४०० वरच थांबली. ४०० ग्राहकांनाही २,४०० च, परंतु प्रतीक्षा मात्र दुप्पट, म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद. ८०० ग्राहक होताच उत्तरे उलट १,८०० वर घसरली. तेव्हा २,४०० ही या यंत्राची कमाल मर्यादा होय. एकाच वेळी उत्तराची वाट पाहणाऱ्यांची संख्या म्हणजे उत्तरांचा वेग गुणिले प्रतीक्षेचा वेळ, हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. वरील आकडे त्यावर ताडून पाहता येतील.

आता फसगतीच्या जागा. शंभर नोंदींच्या निर्देशिकेवर घेतलेली चाचणी निरर्थक होय, कारण सर्व नोंदी यंत्राच्या स्मृतीत मावतात व आकडा फुगतो. जेवढ्या लाख नोंदी प्रत्यक्षात असणार, तेवढ्याच चाचणीत हव्यात. ज्या रकान्यावरून शोध होतो त्याची सूची केलेली नसेल, तर प्रत्येक विचारणेस सर्व नोंदी चाळाव्या लागतात. परवलीचा शब्द तपासणे हे साध्या शोधापेक्षा कितीतरी जड काम असल्याने त्याचे प्रमाणही खरे ठेवावे. ग्राहक निर्माण करणारे यंत्रच आधी थकले, तर सर्व्हरच्या नावावर भलताच आकडा जमा होतो. सरासरीवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. शंभरांपैकी पंच्याण्णव उत्तरे किती वेळात मिळाली, हे विचारावे.

यापेक्षा सूक्ष्म गोष्ट माणसांच्या स्वभावाची आहे. चाचणीतील ग्राहक उत्तर मिळेपर्यंत निमूटपणे थांबतो. खरा पालक थांबत नाही; पान उघडले नाही, की पुन:पुन्हा बटण दाबतो. म्हणजे सर्व्हर मंदावला, की भार घटण्याऐवजी वाढतो. चाचणीत ठराविक वेगाने, उत्तराची वाट न पाहता विचारणा पाठविण्याचा एक फेरा असावा तो यासाठीच.

जून महिन्यात उत्पन्नाचे व अधिवासाचे दाखले काढण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी रीघ लागते. अशा सेवेची यंत्रणा ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याने सेकंदास उत्तरे किती, ती किती नोंदींवर व किती प्रतीक्षेत मिळाली, हे तीन आकडे लेखी मागावेत. चाचणी चालू सेवेवर कधीही घेऊ नये. त्यासाठी वेगळी प्रत उभारावी आणि तीत नागरिकांची खरी नावे नव्हे, तर बनावट नोंदी भराव्यात.