शुगरची गोळी कुटून देऊ नका

आष्ट्याच्या वस्त्यांत शुगर तपासायला गेलो की आम्हाला दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, "आईला गोळी गिळवत नाही, म्हणून खलबत्त्यात कुटून देतो." दुसरी, "संडासात गोळी अख्खीच पडली, औषध लागू होत नाही, म्हणून बंद केली." दोन्हींचे उत्तर गोळीच्या बनावटीत आहे.

घरातली गोळ्यांची पट्टी बघा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा एमआर लिहिले असेल, तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. मेटफॉर्मिनच्या अशा बऱ्याच गोळ्यांत हायप्रोमेलोज नावाचा पदार्थ असतो. तो लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून कारखान्यात तयार करतात. आपल्या उसाच्या चिपाडातही सेल्युलोज असतेच. सब्जाचे बी पाण्यात टाकले की भोवती बुळबुळीत थर धरतो. पोटात ही गोळी तशीच फुगते. त्या थरातून औषध आठ-दहा तास थोडे थोडे झिरपते. म्हणून बऱ्याच जणांना दिवसातून एकदाच गोळी पुरते आणि मळमळ, जुलाबही कमी होतात.

गोळी कुटली की हा थर मोडतो. सगळे औषध एकदम अंगात जाते आणि पुढच्या तासांना काही उरत नाही. ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल तर साखर अचानक उतरू शकते.

संडासात दिसते ते बहुधा रिकामे टरफल असते. औषध अंगात गेलेले असते. त्यावरून गोळी बंद करू नका.

हे लक्षात ठेवा :

१) गोळी जेवणासोबत, अख्खी, पाण्याने गिळा. चावू नका, कुटू नका. मध्ये रेघ असली तरी विचारल्याशिवाय तोडू नका.

२) गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिनची साधी गोळी किंवा पातळ औषधही मिळते.

३) दोन्ही पट्ट्यांवर ५०० लिहिलेले असले, तरी साधी आणि एसआर गोळी एक नव्हे. आपल्या मनाने बदलू नका.

४) पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर जेवत नसाल, तर संध्याकाळच्या गोळीचे काय करायचे ते आधीच डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला अवेळी औषध घ्यायची मुभा विनयातही आहे.

५) घाम, थरथर, धडधड, चक्कर आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि दवाखाना गाठा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

गोळीत वनस्पतीचा पदार्थ आहे म्हणून ती झाडपाल्याचे औषध होत नाही. साखर कमी करते ते मेटफॉर्मिन; सेल्युलोज फक्त त्याला धरून ठेवते. "वनस्पतीजन्य" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर भरवसा ठेवून चालू औषध सोडू नका. मेटफॉर्मिन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुढच्या वेळी जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि यातली कोणती अख्खीच गिळायची, ते विचारून घ्या.