अंधारातली वाट आणि सायकल : हिवाळ्यासाठी एक धडा



मार्गशीर्ष-पौषाचे दिवस म्हणजे आपल्याकडे कामाची गर्दी. भाताची मळणी उरकते न उरकते तोच उसाच्या तोडी सुरू होतात. दूधवाल्याला सहाच्या आत डेअरी गाठायची असते. मच्छे, देसूर, पिरनवाडीकडची मुले पहिल्या पाळीसाठी उद्यमबागेकडे निघतात. ज्यांच्या पंपाला रात्रीची वीज मिळते त्यांना मध्यरात्री उठून पाणी पाजायला जावे लागते. शिवाय नाताळची मध्यरात्रीची मिस्सा असते, तिला तर घरची सगळीच माणसे निघतात. या साऱ्या जाण्यायेण्यात अजूनही पुष्कळांची सोबतीण सायकलच आहे.

जूनमध्ये बेळगावकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत त्याला सात वाजतात. डेअरीची वेळ मात्र तीच राहते. म्हणजे उन्हाळ्यात उजेडात होणारा प्रवास हिवाळ्यात अंधारात होतो. वाटही एकट्या सायकलवाल्याची नसते. पाणंद असो, कालव्याचा रस्ता असो की गावची डांबरी सडक असो, त्याच वाटेने पायी माणसे, गुरे, बैलगाड्या, मोटारसायकली आणि उसाचे ट्रॅक्टर जातात. म्हणून आज या पानावर आपण या अंधारातल्या प्रवासाचा विचार करू.

१. दिसणे आणि दिसून येणे

सायकलच्या दिव्याची कामे दोन आहेत. पुढची वाट आपल्याला दिसावी हे एक आणि आपण दुसऱ्याला दिसावे हे दुसरे. आपण बहुतेक पहिल्याचाच विचार करतो. वाट पायाखालची आहे, चांदणे आहे, मग दिवा कशाला, असे आपण म्हणतो. पण वाट तुमच्या पायाखालची असली तरी मागून येणाऱ्या जीपवाल्याला तुम्ही कुठे आहात हे कसे कळावे?

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. कोरड्या रस्त्यावर ती थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर. खाली वळवलेल्या दिव्यात काळ्या घोंगडीतला माणूस साधारण ३० मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. पंधरा मीटरची ही जी तूट आहे तिच्यातच अपघात होतो, मग चालक कितीही शुद्धीवर असो. पांढरा सदरा घातल्यास अंतर बरेच वाढते. उजेड परत फेकणारी पट्टी, म्हणजे रिफ्लेक्टर, असेल तर माणूस शंभर मीटरच्याही पलीकडून दिसतो.

सायकलींवर चांगल्या प्रतीचे रिफ्लेक्टर असावेत म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेशही काढला. पण आपल्या घरच्या सायकली जुन्या असतात आणि त्यांच्या मागच्या लाल काचेवर वर्षाचा चिखल बसलेला असतो. ती काच आधी पुसावी. मडगार्डवर लाल, पुढे पांढरी आणि दोन्ही पेडलांच्या कडेला पिवळी पट्टी लावावी. पेडल वरखाली होत असल्याने ही सायकल आहे हे चालकाला लांबूनच कळते.

करिअरला दुधाचे कॅन किंवा गवताचा भारा बांधला की मागचा दिवा झाकला जातो. अशा वेळी दिवा किंवा पट्टी कॅनवर अथवा भाऱ्याच्या मागच्या बाजूला बांधावी.

२. दिवा कसा असावा

पूर्वीचा चाकाला घासणारा डायनामो अजून काही घरी आहे. तो टिकाऊ असतो, पण त्याचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. सायकल थांबली की दिवा विझतो, आणि टायर दवाने ओला असला की डायनामोचे चाक घसरून उजेड मंद होतो. आता मिळणारे एलईडीचे दिवे थोड्या विजेत पुष्कळ उजेड देतात. मात्र ते आदल्या रात्री चार्ज करून ठेवले पाहिजेत. शुभवर्तमानातील दहा कुमारिकांना दिवे सगळ्यांजवळ होते, पाच जणींपाशी तेल नव्हते एवढाच फरक, हे आपल्याला ठाऊकच आहे.

एलईडी दिवा सरळ समोर रोखला तर पुढून येणाऱ्याचे डोळे दिपतात. पाणंदीवर समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई येत असेल तर तिला पायाखालचा दगडही दिसेनासा होतो. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून दिवा लावावा. उजेडाचा मधला ठिपका दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडला पाहिजे. तसा पडेपर्यंत दिवा खाली वाकवावा.

३. उजेड किती, वेग तितका

ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सुमारे चार मीटर जाते. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सहा मीटर आणि कोरड्या वाटेवर थांबायला आणखी तीन, म्हणजे नऊ मीटर झाले. दिव्याचा उजेड दहा मीटर पडत असेल तर आपण जेमतेम वाचतो. पण दव पडलेले असले तर? लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर आधी पाणी पुसत बसते आणि पकड नंतर घेते. मग तीच सायकल थांबायला एकूण पंधरा मीटर सहज लागतात, म्हणजे ती उजेडाच्या पलीकडे जाऊन थांबते. वेग ताशी १० किलोमीटरवर आणला तर ओल्या वाटेवरही आठेक मीटरमध्ये थांबता येते. तेव्हा दवाच्या पहाटे दहा मिनिटे लवकर निघावे, पण वेग वाढवू नये. उतारापूर्वी ब्रेक हलकेच दोनतीनदा दाबून रिम पुसून घ्यावी.

धुक्याची गोष्ट आणखी वेगळी. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतच्या दमट हवेत धुके धरते. म्हणून मलप्रभेच्या काठी, कालव्यालगत आणि भातखाचरांत ते दाट असते आणि माळावर चढताच विरळ होते. ग्वाल्हेरकडच्या आपल्या वाचकांना तर डिसेंबर-जानेवारीत याचा अनुभव नेहमीचाच आहे. ५० मीटरच्या आतलेच दिसते तेव्हा हवामान खाते त्याला अति दाट धुके म्हणते. अशा वेळी वरच्या ४५ मीटरच्या हिशेबात काही शिल्लकच राहत नाही. मोठ्या सडकेवर न जाता थांबावे, किंवा उतरून रस्त्याच्या कडेने चालावे.

४. डोळे, छाती आणि थंडी

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि समोरच्या गाडीच्या दिव्याकडे एकदा पाहिले की हा सराव मोडतो. म्हणून समोरून गाडी आली की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि वेग कमी करावा. दिव्याभोवती वलय दिसत असेल किंवा उजेड असह्य होत असेल तर मोतीबिंदू असू शकतो, डोळे तपासून घ्यावेत. घरातले मूल संध्याकाळी चाचपडत चालू लागले तर रातांधळेपणाची शंका घ्यावी व दवाखान्यात न्यावे. तो बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई आणि अंडी हे पदार्थ आपल्या परसातलेच आहेत.

हवा दहा अंशांवर असताना सायकलवर वाऱ्यामुळे ती आठ अंशांसारखी झोंबते. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, कारण त्यांच्यामध्ये हवा कोंडून ऊब राहते. कानटोपी घालावी, पण घंटा आणि हॉर्न ऐकू येतील अशी. मफलरचे टोक आत खोचावे, लोंबू देऊ नये, कारण ते चाकात अडकते. बोटे बधिर झाली तर ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, म्हणून हातमोजे घालावेत.

दम्याच्या माणसाला थंड कोरडी हवा बाधते. त्याने नाकातोंडावर कापड बांधावे, पहिली पाच मिनिटे सावकाश पेडल मारावे आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात ठेवावा. चढावर छातीत दाब किंवा कळ आली तर तिथेच थांबावे व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, वात आहे म्हणून टाळू नये. थंडीसाठी घोट घ्यावा हा समज तर घातकच. दारूने कातडीकडचे रक्त वाढून गरम वाटते, पण अंगातली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते, आणि हातापायांचा तोल सुटतो तो वेगळाच.

पाणी पाजायला जाणाऱ्यांनी बांधावर उतरण्यापूर्वी बॅटरीचा उजेड पायाशी टाकावा. घोणस रात्री फिरते आणि थंडीतही बाहेर पडते. साप चावला तर कापू नये, आवळून बांधू नये, हात किंवा पाय हलू न देता माणसाला सरळ मोठ्या दवाखान्यात न्यावे. सायकलवरून पडून डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी किंवा ग्लानी आली तरीही तेच करावे. हेल्मेट वापरल्यास डोक्याची पुष्कळ राखण होते.

५. वाट सगळ्यांची आहे

पायी माणसाला मागून ओलांडताना पंधरावीस पावले आधी घंटी वाजवावी. अगदी पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकून नेमका सायकलपुढेच येतो. बैल समोर असतील तर घंटी न वाजवता उतरावे. कुत्री अंगावर आली तर सायकल मध्ये धरून हळूहळू चालावे.

आता आपल्याच दारचा प्रश्न. आपण अनेकदा सायकलवाले असतो तसे अनेकदा गाडीवान आणि ट्रॅक्टरवालेही असतो. उसाने भरलेली बैलगाडी दिव्याशिवाय निघते. ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले की भोवती दगड मांडले जातात, आणि चाक बसवून ट्रॉली निघून गेली तरी दगड तसेच रस्त्यावर राहतात. नाचणी, हुलगे, ज्वारीची कणसे मळायला सडकेवर पसरली जातात आणि रात्री ती रास तिथेच राहते. यातले प्रत्येक काम करणाऱ्याला सोयीचेच वाटते. पण पहाटे पाचला तिथून जाणारा सायकलवाला बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच धर्मग्रामाचा असतो. चार दगड उचलून कडेला टाकायला दोन मिनिटे लागतात. गाडीच्या मागे लाल पट्टी लावायला फार खर्च येत नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा हे आपण दर रविवारी ऐकतो, ते आचरणात आणायला ही चांगली जागा आहे.

घरी करून पाहा

१. आज रात्री घरातल्या एकाने नेहमीच्या कपड्यांत सायकल घेऊन वाटेवर पन्नास पावलांवर उभे राहावे. दुसऱ्याने बॅटरी लावून पाहावे की तो दिसतो का. मग पट्टी लावून पुन्हा पाहावे.

२. रिम ओली करून हळू चालवत ब्रेक लावावा आणि थांबायला किती पावले जास्त लागतात ते मोजावे. रबर झिजलेले असेल तर बदलावे.

३. आपल्या वाटेवरचे खड्डे, उघडे मोऱ्या-नाले आणि राहिलेले दगड यांची यादी करून ग्रामपंचायतीला द्यावी. वाड्यातल्या चार तरुणांनी मनावर घेतले तर यातले निम्मे काम एका रविवारी दुपारी हातानेच होईल.

नाताळच्या रात्री मिस्सेला निघताना लहानांना मध्ये घ्यावे, पुढे एक दिवा आणि मागे एक लाल दिवा ठेवावा. पायी जाणाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि सायकलवाल्यांनी डाव्या कडेने एकामागे एक जावे. सगळी माणसे सुखरूप देवळात पोचावीत आणि सुखरूप घरी परतावीत.