मोतीबिंदू : बिनटाक्याचं ऑपरेशन हलकं नाही

वस्तीत मोतीबिंदूचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो, "ताई, लेसरचं चांगलं का फुकटातलं?" आमच्याकडच्या एका आजींच्या मुलानं लेसरसाठी पैसे जमवण्यात दोन वर्षं घालवली. मोतीबिंदू पिकून फुगला, डोळ्यातला दाब वाढला आणि एका रात्री डोळा ठणकू लागला. ऑपरेशन झालं, पण डोळ्याची नस सुकली होती. नजर परत आली नाही.

लोक ज्याला लेसर म्हणतात ते बहुतेक वेळा 'फेको' असतं. त्यात सुमारे 3 मिलिमीटरच्या छेदातून मशीनच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. हाताच्या पद्धतीत (एसआयसीएस) डोळ्याच्या पांढऱ्या भागातून 6 ते 7 मिलिमीटरचा तिरपा बोगदा करतात आणि मोतीबिंदूचा गाभा बाहेर काढतात. कोणी डॉक्टर तो पाण्याच्या दाबानं काढतात, कोणी बारीक चमच्यासारख्या हत्यारानं, तर कोणी गळासारख्या वाकवलेल्या सुईनं. ज्या रीतीत डॉक्टरांचा हात बसलेला, ती चांगली. डोळ्यातल्या दाबानं बोगदा आपोआप मिटतो, म्हणून सहसा टाका लागत नाही. भिंग दोन्ही पद्धतींत बसवतात.

मग फरक कुठे? पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात 400 डोळ्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. ती 2005 साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय 6/18 किंवा त्याहून चांगली नजर फेकोत 81 टक्के डोळ्यांना होती, हाताच्या पद्धतीत 71 टक्के. योग्य नंबर लावल्यावर मात्र दोन्हींत 98 टक्के! मोठ्या छेदानं डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई थोडी बदलते, म्हणून नंबर येतो. म्हणजे फरक मुख्यतः चष्म्याचा आहे.

तेव्हा एवढं करा :

• मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका. धूसर दिसू लागलं की सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात तपासून घ्या. तिथं ऑपरेशन आणि भिंग मोफत मिळतं.
• साखर आणि बीपी आधी तपासा.
• ऑपरेशननंतर थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू नका.
• डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा.
• "चष्म्याचा नंबर कधी काढणार?" हे घरी येण्याआधीच विचारा. चष्मा घेतला नाही तर ऑपरेशन अर्धंच राहतं.

फेको मोफत मिळत असेल आणि डॉक्टर सुचवत असतील तर जरूर करा. पण मशीनसाठी बचत गटाचं कर्ज काढू नका, आणि पैशांसाठी थांबून डोळा घालवू नका.