काष्ठौषधींच्या भांडारातील पतंग : ओळख व जीवनक्रम

पावसाळा सरल्यावर भांडारगृहात दिव्याभोवती एखादा लहानसा करडा पतंग घिरट्या घालताना दिसतो आणि आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः ती कोठल्या तरी डब्यातील द्रव्य दूषित झाल्याची सूचना असते. पतंग द्रव्य खात नाही. खाते ती त्याची अळी, आणि पतंग दिसतो तेव्हा त्या अळीचे भक्षण पूर्ण झालेले असते.

साठवणीतील दोन पतंग आपण ओळखावयास हवेत. पहिला कॉर्सायरा सेफॅलोनिका, अर्थात तांदळावरील पतंग. याचे पंख एकसारखे फिकट करडे-तपकिरी, शिरा किंचित गडद. पंखविस्तार १५ ते २५ मि.मी. दुसरा प्लोडिया इंटरपंक्टेला. याच्या पुढील पंखांचा मुळाकडील भाग फिकट व उरलेला तांबूस तपकिरी असतो. हा दुरंगीपणा हीच त्याची खूण. खवले झडलेल्या जुन्या पतंगावरून मात्र निर्णय करू नये.

यांपैकी कॉर्सायरा आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात वेगळ्या रूपाने परिचित आहे. खोडकिडीविरुद्ध शेतात लावल्या जाणाऱ्या ट्रायकोकार्डावर याचीच अंडी असतात. त्यासाठी प्रयोगशाळांत हा पतंग ज्वारी-बाजरीच्या भरडीवर मुद्दाम वाढवितात. तेथील जीवनक्रम आपल्या कोठीलाही लागू पडतो. उष्ण हवेत अंडी चार-पाच दिवसांत उबतात. मळकट पांढरी अळी रेशमी धाग्यांनी कण एकत्र गुंफून त्या जाळ्यात राहते व तेथेच कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंत सुमारे सहा आठवडे लागतात.

निदानाचा सोपा नियम असा : मनुका, खारीक, बदाम वा भरडीत जाळे व गुठळ्या आढळल्यास पतंग समजावा, मुळांवर सुबक गोल छिद्रे व भुकटी आढळल्यास भुंगेरा. शंका असल्यास द्रव्याचा नमुना काचेच्या बरणीत घालून तोंडाला दाट विणीचे कापड बांधावे व सहा आठवडे निरीक्षण करावे.

असे द्रव्य चाळून वापरण्याचा मोह आवरावा. अळी चाळणीवर राहील. तथापि तिच्या विष्ठेचे व कातेचे सूक्ष्म कण चूर्णाबरोबर रुग्णाच्या पोटात जातील. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जंतूंनी उपहत न झालेली द्रव्येच घ्यावीत असे सांगितले आहे. मनुकांचा एक डबा टाकून देण्याने होणारी हानी द्राक्षासवाचा संपूर्ण घाणा बिघडण्यापेक्षा निश्चितच अल्प आहे.

यास्तव नवा माल जुन्यात मिसळू नये, डबे घट्ट झाकणाचे असावेत, फळ्यांच्या सांध्यांतील कोष खरवडून काढावेत आणि डांबराच्या गोळ्या वा विषारी धुरी औषधींजवळ कदापि नेऊ नये. दर महिन्यास एकदा प्रत्येक डबा उघडून पाहिल्यास पतंगाचे चक्र पूर्ण होण्यापूर्वीच अळी आपल्या दृष्टीस पडेल. हा परिपाठ सर्व वैद्यबंधू-भगिनींनी व औषधिनिर्मात्यांनी अंगीकारावा, ही नम्र विनंती.